उलटी भरलेली बॅटरी

"पाव्हणी म्हणून आलीया का मेस्त्री म्हणून, ते एकदा ठरवा म्हणावं. मेस्त्रीला कपभर च्या दिला की भागतंय. पाव्हणीला कालवण-भाकरी करावी लागती. दोन्ही एकाच बाईत आल्यावर मी चुलीवर काय ठेवायचं?"

पत्र्याच्या आड चुलीपाशी बसून बयाबाई एकटीच कुरकुरत होती. पत्रा जुना, खिळ्यांच्या भोकांनी चाळण झालेला. त्याच्या अलीकडे, हातभर अंतरावर, सरूबाई मोटरसायकलपाशी उकिडवी बसलेली. शब्द न् शब्द कानावर येत होता. तिला हसू आलं. चार दिवसांत पहिल्यांदाच आलं, आणि आलं तसं तिनं ते पदराच्या टोकानं पुसून टाकलं. भाची तिकडं शिरूरच्या दवाखान्यात पडलेली, आणि आपण तिच्या सासूच्या बोलण्याला हसतोय, म्हणजे कमाल झाली.

सरूबाई दौंडची. स्टेशनच्या अलीकडच्या बोळात तिचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. नवरा होता तोवर दुकान त्याचं होतं. बॅटरीत पाणी घालायचं, टर्मिनल खरवडायचं, जळकी वायर सोलून नवी जोडायची, एवढंच काम तिचं. तो वारला आणि मग गिऱ्हाइकांच्या ध्यानात आलं की इतकी वर्षं दुरुस्ती नेमकं कोण करत होतं. शाळा चौथीपर्यंतची, पण वायर बोटांत धरली की तिला ती वाचता यायची. अॅसिडनं सगळ्या लुगड्यांना भोकं पडलेली. धड राहिलेलं एकच पातळ ती आज नेसून आली होती आणि त्याच्याही काठाला एव्हाना ग्रीस लागलं होतं.

धनश्री तिच्या भावाची, गेणबाची मुलगी. बारशाला नाव सरूबाईनंच ठेवलेलं. दीड वर्षापूर्वी तिला न्हावऱ्याजवळच्या या वस्तीवर दिली. नवरा माऊली कुरकुंभला केमिकल कंपनीत. गेल्या शनिवारी सकाळी धनश्रीला शिरूरच्या दवाखान्यात आणलं. डावा हात दोन ठिकाणी मोडलेला, तीन बरगड्या, खालचा ओठ मधोमध फाटलेला, एक डोळा पुरा मिटलेला. दवाखान्याच्या कागदावर लिहिलं, गाडीवरून पडून.

वस्तीवरची गोष्ट अशी होती. गाडीची बॅटरी उतरली होती. माऊलीनं ट्रॅक्टरवरून वायर टाकून गाडी चालू केली. दोघं निघाली. चार किलोमीटरवर ओढ्यापाशी सीटखालून धूर आला. गाडी पेटली म्हणून धनश्री घाबरली आणि चालत्या गाडीवरून तिनं उडी टाकली. हे सगळे एकाच तालात सांगत होते. माऊली सांगायचा, बयाबाई सांगायची, गेणबासुद्धा सांगायला लागला होता.

सरूबाई तीन दिवस पोरीच्या उशाशी बसली होती. पोर काहीच सांगत नव्हती. नळीनं पाणी प्यायची आणि भिंतीकडं तोंड करायची. तिसऱ्या दिवशी सरूबाईनं तिचे तळहात उलटे करून बघितले. नंतर गुडघे, नंतर कोपरं. चालत्या गाडीवरून डांबरावर पडलेल्या माणसाची आधी ही कातडी जाते. धनश्रीचे तळहात शाबूत होते. नर्सनंही ते बघितलं. दोघींची नजरानजर झाली आणि नर्स सलाईनची बाटली बदलायला निघून गेली. बाटलीत अजून निम्मं सलाईन होतं.

गुरुवारी पोरीला सोडणार होते. गेणबानं व्याह्यांना शब्द दिला होता की तो तिला दवाखान्यातून परस्पर सासरी आणून घालील. आज मंगळवार. त्यांच्यात रीत अशी की बापानं चारचौघांत, स्वतःच्या तोंडानं 'न्हाई धाडत' म्हटल्याशिवाय लेक माहेरी राहत नाही. आत्यानं कितीही आरडाओरडा केला तरी ती फक्त आत्या.

येताना एसटीत ती भावाला म्हणाली होती, "गेणा, तिच्या तळव्याला खरचटल्यालं न्हाई रं."

गेणबा खिडकीबाहेर बघत म्हणाला, "औंदा कांद्याला पाणी कमी पडलं बघ ह्या पट्ट्यात."

"मी काय म्हनतीया?"

"ऐकलं मी. आमच्या कासुर्डीला तर त्याहून कमी हाय."

माऊलीचा निरोप होता की आत्याबाईंनी गाडी बघावी, शिरूरच्या दोन मेस्त्र्यांनी हात टेकले, कंपनीत खाडे पडतायत. निरोप आला तेव्हाच तिनं मीटर, टेस्ट लॅम्प आणि पाने पिशवीत भरले होते. पोर बोलत नसली तर गाडी तरी बोलेल, असं तिच्या मनात होतं.

आता ऊन डोक्यावर आलं होतं. लिंबाखाली जुना ट्रॅक्टर उभा होता आणि त्याच्या चाकाला पाठ टेकून तात्याबा बसलेले. माऊलीचे थोरले चुलते. उभी हयात मेंढरांमागं गेली, शेवटी मेंढरं विकून हा ट्रॅक्टर घेतला, तोही कुणाच्या तरी आजोबांच्या वेळचा. सकाळपासून त्यांनी चकार शब्द काढला नव्हता. गेणबा शेजारी बाजेवर, टोपी गुडघ्यावर घेऊन.

माऊली घरातून बाहेर आला. अंगणात कुत्रं आडवं पडलं होतं. ते वाटेत नव्हतं, तरी दोन पावलं वाकडी करून त्यानं त्याच्या बरगडीत लाथ घातली. कुत्रं ओरडलंसुद्धा नाही, सवयीनं उठून ट्रॅक्टरखाली गेलं.

"घावलं का काय, आत्याबाई?"

"बघतीया. घाई केली की वायर खोटं बोलती."

"वायर कशी खोटं बोलंल?" तो हसला. दिसायला देखणा गडी. हाताच्या बोटांची कातडी मात्र कंपनीतल्या केमिकलनं सालपटं निघून लालभडक झालेली. त्याच बोटांनी त्यानं गाडीच्या टाकीवरची धूळ हळूच पुसली. बाळाचं तोंड पुसावं तशी. सरूबाईनं ते बघितलं. पोरीचं तोंड त्याच बोटांखाली आलं असणार.

गाडी नव्या धाटणीची, बटन स्टार्टची. जुन्या गाड्या बॅटरी मेली तरी किक मारली की फुरफुरायच्या. हिची ठिणगीसुद्धा बॅटरीतूनच. बॅटरी मेली की गाडी मेली. सरूबाईनं बाजूचं झाकण काढलं. जळक्या रबराचा वास भसकन नाकात गेला. फ्यूजची डबी उघडली तर आत फ्यूज नव्हता. तिथं पिळा घातलेली तांब्याची जाड तार.

"ही कुणी घातली?"

"मीच. फ्यूज सारखा उडत व्हता."

"उडायलाच ठेवल्याला असतो त्यो. सोता मरतो आन् बाकीच्यांना वाचवतो. त्याच्या जागंवर तू कवाच न मरणारा बसवला, मग बाकीची मेली."

"मेस्त्रीसारखं बोला, कीर्तन नगं," माऊली म्हणाला. अजून हसत होता, पण डोळे हसायचे थांबले होते.

तांब्याच्या तारेपासून पुढं सगळी वायर वितळून एकमेकींना चिकटली होती. चार्जिंगचा डबा तडकलेला. सीटखालचा काळा डबा, मेस्त्री लोक त्याला सीडीआय म्हणतात, ठिणगी पाठवायचं काम त्याचं, तो फुगून त्यातून डिंकासारखं काहीतरी बाहेर आलेलं. हे सगळं एका दमात गेलं होतं. तिनं बॅटरी सोडवून जमिनीवर ठेवली. दोन्ही बाजूंनी पोट फुगलेलं. मीटरची लाल कांडी प्लसला लावली, काळी मायनसला.

काटा डावीकडं आपटला.

तिला वाटलं आपलीच चूक. कांड्या काढल्या, पुसल्या, पुन्हा लावल्या. काटा पुन्हा डावीकडं, खुंटीला टेकून थरथरत राहिला. मग तिनं मुद्दाम कांड्या उलट्या लावल्या, आणि काटा शहाण्यासारखा सहाच्या पुढं जाऊन उभा राहिला.

बॅटरी उलटी भरली होती. प्लसचा मायनस आणि मायनसचा प्लस.

असली बॅटरी सरूबाईनं आयुष्यात एकदाच पाहिली होती. लग्नाला तीन वर्षं झाली होती. तिनंच चुकून एक पार मेलेली बॅटरी चार्जिंगला उलटी जोडली होती. संध्याकाळी नवऱ्यानं मीटर लावलं. काटा डावीकडं गेला, आणि मग त्यानं भिंतीवरची जाड केबल काढली. पितळी चिमटा टोकाला तसाच होता. आठवा फटका बसेपर्यंत तिनं मोजले. चिमटा कानामागं लागला, तिथं अजून केस येत नाहीत. दोन दिवसांनी ती माहेरी, कासुर्डीला गेली. गेणबानं तिला पोटभर जेवू घातलं, रात्री कानामागं हळद लावली, आणि सकाळच्या गाडीनं दौंडला परत आणून सोडलं. येताना वाटेत त्यानं चिंचेच्या गोळ्या घेऊन दिल्या होत्या. दुकानात आता नवऱ्याच्या फोटोला रोज हार असतो आणि जुनी गिऱ्हाइकं म्हणतात, देवमाणूस होता. सरूबाई त्यावर बॅटरीत पाणी घालत राहते.

तिनं मीटर खाली ठेवलं.

"माऊली, गाडी ट्रॅक्टरवरनं चालू कशी केली, दाव बरं मला. तशीच. त्याच वायरनं."

"त्यात काय दावायचं?"

"दाव की. मला बायामाणसाला काय कळतंय."

हे वाक्य बरोबर लागलं. माऊलीनं पाणबुडी मोटरच्या केबलचा एक जाड तुकडा आणला. गाडी ढकलत ट्रॅक्टरपाशी नेली आणि तिचं पाय ठेवायचं लोखंड ट्रॅक्टरच्या लोखंडाला टेकवलं. "हे झालं अर्थिंग. बॉडीला बॉडी. मायनसची वायर लागतच न्हाई. आता ही एकच वायर, तिकडं बॅटरीच्या मोकळ्या खुट्याला आन् इकडं गाडीच्या प्लसला. आमच्या वस्तीवर सगळी अशीच चालू करत्यात." त्यानं केबलचं एक टोक ट्रॅक्टरच्या बॅटरीला घट्ट आवळलं आणि दुसरं तिच्या हातात दिलं.

सरूबाईनं ते टोक धरून ठेवलं. दुसऱ्या हातानं मीटरची काळी कांडी ट्रॅक्टरच्या लोखंडाला लावली, लाल त्या टोकाला. काटा डावीकडं गेला.

"आबा," ती तात्याबांना म्हणाली, "तुमचा ट्रॅक्टर उलटा हाय व्हय?"

तात्याबांनी तंबाखूची पिचकारी टाकली. "हाय की. जुनं धूड हाय त्ये. समद्या गाड्यांची बॉडी मायनस, ह्याची प्लस. मेस्त्रीनं घेताना सांगितलं हुतं." थोडं थांबून ते म्हणाले, "म्या वरडलो हुतो त्या दिशी. एका वायरीनं नगं, उलटं व्हईल."

"आबा, गप बसा," माऊली म्हणाला.

आबांनी दुसरी चिमूट मळायला घेतली.

"मग चालू झाली गाडी?" सरूबाईनं विचारलं.

"झाली की! न झाली तर वढ्यापत्तोर गेलो कसं?"

"इंजिन लागलं?"

"एका बटनात."

सरूबाई भावाकडं वळली. माऊलीशी बोलायचं तिनं सोडून दिलं. आता जे सांगायचं ते गेणबाला सांगायचं होतं, त्याला धरता येईल असं, विहिरीत दोर सोडावा तसं.

"गेणा, हिकडं बघ. कांदा ऱ्हाऊ दे आता. ही बॅटरी मेल्याली व्हती. तिच्यात ट्रॅक्टरचा करंट उलटा शिरला. उलटा करंट गेला की ठिणगीचा डबा जागंवर जळतो, त्याला घटकाभर बी लागत न्हाई. डबा मेला तर ठिणगी न्हाई. ठिणगी न्हाई तर इंजिन न्हाई. आन् ही बॅटरी अजून बी उलटीच भरल्याली हाय. इंजिन लागून गाडी वढ्यापत्तोर गेली असती, तर ती उलटी ऱ्हायली नसती. ही गाडी शनवारी चालू झालीच न्हाई. ही हितनं हलली न्हाई, गेणा."

पत्र्यापलीकडं चुलीवरचं भांडं उतू गेल्याचा चर्र आवाज आला आणि बयाबाईनं ते उतरवलं नाही.

गेणबानं गुडघ्यावरची टोपी फिरवली. "म्हंजी... गाडीतच खोट व्हती म्हनायची," तो म्हणाला. "आजकालचा मालच तसला येतोय."

सरूबाईला त्या क्षणी माऊलीपेक्षा भावाचाच जास्त राग आला. बाजेवरून खेचून त्याच्या तोंडात ती जळकी वायर कोंबावी असं वाटलं. पण तिनं स्वतःहून पुढचं वाक्य बोलायचं नाही असं ठरवलं होतं. ती बोलली असती तर सगळ्यांची सुटका झाली असती. बाई तोंडाळ आहे म्हणून चहा पाजून तिला एसटीत बसवून दिलं असतं, आणि गुरुवारी पोर या अंगणात आली असती.

ते बोलणं गिळत ती उभी होती, तेवढ्यात माऊलीनं बॅटरीला लाथ घातली. बॅटरी दोन कोलांट्या खाऊन आडवी झाली. झाकणं उडाली आणि अॅसिड चुनखडीच्या जमिनीवर फसफसत पांढरा फेस काढत गेलं. कुत्रं ट्रॅक्टरखालून पळालं.

"माझ्या दारात येऊन मला खोटं पाडती व्हय गं?" आत्याबाई, तुम्ही, सगळं गेलं होतं. "गाडी दुरुस्त करायला बोलावली का फौजदार म्हणून बोलावली तुला?"

त्यानं तिचा अंबाडा धरला. धरायची सवय असलेला हात होता तो, एका पिळात मान मागं गेली. सरूबाईला आभाळ दिसलं, लिंबाचा शेंडा दिसला. तिनं ट्रॅक्टरच्या बॅटरीला जोडलेलं केबलचं टोक अजून सोडलं नव्हतं. तिनं ते न बघता बाजूला ट्रॅक्टरच्या मडगार्डवर हाणलं.

फाडकन आवाज झाला. निळ्या-पांढऱ्या ठिणग्यांचा झोत दोघांच्या मधून उसळला. माऊलीनं अंबाडा सोडून तोंड झाकलं. सरूबाईनं पुन्हा हाणलं, पुन्हा ठिणग्या. मडगार्डवरचा रंग जळून काळा डाग पडला. तिच्या मनगटाची लव जळाल्याचा वास आला. तिसऱ्यांदा तिनं टोक पुढं धरलं, त्याच्या तोंडाच्या दिशेनं. बारा व्होल्टनं माणसाला काही होत नाही, हे तिला माहीत होतं. त्याला माहीत नव्हतं, आणि तो तीन पावलं मागं सरकला. मागं सरकणारा माऊली तिनं पहिल्यांदा बघितला, आणि तिला असा काही आनंद झाला की त्याची तिला भीती वाटली.

"आगं ये, ठेव खाली!" तात्याबा ओरडले. कुणाला ओरडले ते त्यांनाच ठाऊक.

माऊलीचा हात तिच्या पिशवीवर गेला. त्यात सतरा-एकोणीसचा पाना वरच होता. त्यानं तो फेकला. पाना तिच्या कपाळाला लागला, भुवईच्या वर. दुखलं नाही. आधी कानात घंटा वाजली, मग डाव्या डोळ्यात गरम रक्त उतरलं आणि अर्धं अंगण लाल झालं. ती ट्रॅक्टरच्या चाकाला धरून खाली बसली. केबल हातातून सुटली.

"माऊल्या!" बयाबाई धावत बाहेर आली. एका हातात चहाची कपबशी, दुसऱ्या हातात पकड. "आरं पाव्हणी हाय ती! दुसऱ्याची बाई हाय! असं कुणी मारतंय का?"

हे ऐकल्यावर सरूबाईला रक्तातूनही नवल वाटलं. बयाबाईच्या हिशेबानं दुसऱ्याच्या बाईला मारणं चूक होतं. आपल्या बाईचं तिनं काही काढलं नव्हतं. बयाबाईलाही ते कळलं असावं. ती मधेच थांबली, चहा सांडू न देता उभी राहिली.

गेणबा बाजेवरून उठला होता. बहिणीकडं न येता तो दोघांच्या मधोमध हात जोडून उभा राहिला. "जाऊ द्या पाव्हणं, जाऊ द्या. बायामाणसाचं बोलणं काय मनावर घ्यायचं. गाडीचं काय, दुसरी बॅटरी बसवू..."

माऊलीनं त्याच्या कानाखाली वाजवली.

सासऱ्याच्या, चुलत्यासमोर, आईसमोर. आवाज फार मोठा नव्हता. गेणबाची टोपी उडून अॅसिडच्या फेसात पडली. तो वाकला आणि टोपी उचलली. तिच्या कडेला भोक पडायला लागलं होतं. त्यानं ती झटकली आणि डोक्यावर न घालता तशीच हातात धरली.

"मामा, तुमाला चांगल्या शब्दात सांगतो," माऊली धापा टाकत म्हणाला. आता तो ओरडत नव्हता, हे जास्त वाईट होतं. "बेस्तरवारी धनश्री हितं पायजे. दवाखान्यातनं डायरेक हितं. आन् ह्या बाईला आत्ताच्या आत्ता सांगा, पोर गाडीवरनं पडली म्हणून. तुमच्या तोंडानं सांगा. मला खोटं पाडलंय हिनं माझ्या दारात. ह्या आबाम्होरं, माझ्या आईम्होरं म्हणा. पडली म्हणा."

गेणबा टोपीतलं भोक न्याहाळत राहिला.

"म्हणा!"

सरूबाईनं पदराचा बोळा कपाळावर दाबला होता. उघड्या डोळ्यानं ती भावाकडं बघत होती. साठीला आलेला माणूस, मानेवर पांढरे केस, डाव्या गालावर चार बोटं उमटलेली. आयुष्यभर त्यानं कुणाशी भांडण केलं नव्हतं, आणि त्याबद्दल गावात त्याचं कौतुक होतं. भांडायची वेळ आली की तो पिकापाण्याचं बोलायचा. आताही त्याचे ओठ हलले तेव्हा तिला वाटलं, आता कांदा येणार, नाही तर पाऊस.

तात्याबांनी मान खाली घातली. "आरं बोल की गेणबा," ते पुटपुटले. काय बोल, ते त्यांनी सांगितलं नाही.

गेणबानं बहिणीकडं बघितलं. तिच्या कोपरावरून रक्ताचा थेंब टपकत होता, एक पडला की दुसरा. त्यानं तीन-चार थेंब पडताना बघितले. मग टोपी दोन्ही हातांत घेऊन, तिच्या भोकात बोट घालून, तो जावयाकडं वळला. आवाज त्याचा नेहमीचाच होता, खाली मान घालून बोलणाऱ्या माणसाचा, फक्त मान खाली नव्हती.

"न्हाई धाडत मी पोरीला," तो म्हणाला. "ती पडली न्हाई. तू मारलीस तिला, माऊली. दिवाळीला आली तवा तिनं पाठ उघडी करून दावली हुती मला, आन् म्या बघून न बघितल्यावानी केलं."